एजवेअरचा किब्बुत्झ

सोलोमन तळकर आमच्या हॉलच्या दारात पहिल्यांदा उभा राहिला, तेव्हा मी कांदा चिरत होते आणि एलिशेबाने हातातला डाव खाली ठेवला. डाव ती कधी खाली ठेवत नाही. म्हटलं, झालं! ही इतकी वर्षं जिवंतपणी ज्याचं वर्षश्राद्ध घालत आली, तो मेला हाच.

मी रेखा. माहेर साताऱ्याचं, सासर लंडनच्या एजवेअरचं आणि तोंड कुणाच्या बापाला न भिणारं. शाळेत डिनर लेडी, म्हणजे पोरांना जेवण वाढणारी होते, त्यामुळे आवाजही तसाच. हे आधीच सांगते, कारण ही गोष्ट ऐकून कुणी मला म्हणेल, 'रेखाताई, जरा क्षमा करायला शिका.' शिकणार नाही. ज्याला शिकायचंय त्याने आपापल्या घरी शिकावं.

तर एलिशेबा. एलिशेबा झिराडकर, अलिबागकडची बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली ज्यू. तिच्या घराण्याचा तेलाचा घाणा होता. ह्या लोकांना तिकडे शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा बैल सुटलेला आणि घाणा बंद. बोलायला तुमच्या-माझ्यासारखीच मराठी, वर कुलाब्याचं 'गो' आणि 'नाय'. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, अंगात कार्डिगन, आणि मनात धरलेला डूख. नागीण परवडली. नागीण निदान कात तरी टाकते.

लग्न झाल्या झाल्या ती आणि तिचा नवरा सॅमसन इस्रायलला गेले. साठ-बासष्टची गोष्ट असेल. तिकडे एका टेकडीवरच्या किब्बुत्झात त्यांना धाडलं. त्या किब्बुत्झाला नाव आहे, पण एलिशेबा ते तोंडातून काढत नाही. नुसतं 'टेकडी' म्हणते, आणि म्हणताना असे ओठ आवळते की जणू कडू काकडी चावली.

किब्बुत्झ म्हणजे काय, हे मला तिनेच मेथी निवडता निवडता समजावलं. पोलंड-रुमानियातून आलेली पोरंपोरी त्या उघड्याबोडक्या टेकडीवर पहिल्यांदा तंबू ठोकून राहिली. दगड वेचले, पायथ्याची दलदल बुजवली, हिवतापाने निम्मे आडवे झाले. मग सफरचंदाची बाग झाली, गोठा झाला, कोंबड्या झाल्या. सगळं सगळ्यांचं. पगार नाही. गोठ्यातल्या माणसालाही तेच ताट आणि हिशेब ठेवणाऱ्यालाही तेच ताट. कपडेसुद्धा एकाच धुलाईघरात जायचे, ज्याच्या त्याच्या नंबराची चिंधी शिवून. मुलं आईबापाजवळ झोपायची नाहीत, बाळघरात झोपायची. बाहेरून कुणाला काही पार्सल आलं तर ते सामायिक कोठीत जमा करायचं. आणि जो काही निर्णय, म्हणजे कुणाला शिकायला पाठवायचं, ट्रॅक्टर घ्यायचा की गाई, तो शनिवारी रात्री जेवणघरात सगळ्यांनी हात वर करून.

"मग चांगलंच की गं हे!" मी म्हटलं होतं.

"चांगलंच होतं गो," ती म्हणाली. "तेच तर दुखतंय ना. वाईट असतं तर मी थुंकून आले असते."

तिथे नवीन माणसाला वर्षभर उमेदवार म्हणून ठेवायचे. वर्ष संपलं की त्याच्यावर मतदान. एलिशेबा स्वयंपाकघरात होती. बटाटे सोलून सोलून बोटांची सालं गेली, पण बाई खूश. तिच्याच बरोबर उमेदवार म्हणून आलेला दुसरा अलिबागकर म्हणजे हा सोलोमन. एकटा, हुशार, आणि हिब्रू त्याला लवकर आलं. एलिशेबाला 'भाकरी' आणि 'बादली'च्या पुढे येत नव्हतं, सॅमसनला तेवढंही नाही, तेव्हा तिचं सगळं बोलणं सोलोमनच्या तोंडून. भावासारखा मानायची त्याला. भावासारखा! तिने हे सांगितलं की मला आजही पायातली चप्पल आठवते.

त्या वर्षी तिचा मुलगा कालेब, तान्हं पोर, तापाने फणफणला. बाळघरात ठेवलेला, आणि आईला ठरल्या वेळीच आत सोडत. तिने एलियाहू हन्नाबी ह्या त्यांच्या प्रेषिताला नवस बोलला. त्याच्या रथाची खूण तर अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर आहे, त्यामुळे हे लोक त्याला घरचाच समजतात. पोर बरं झालं. आता नवस फेडायचा म्हणजे मलिदा हवा. भिजवलेले पोहे, गूळ, खोवलेला नारळ, वेलची, वर फळं. टेकडीवर पोहे कुठले? तिने आईला कळवलं. आईने पोहे, गूळ आणि एक सोललेला नारळ असं गाठोडं जहाजावरच्या ओळखीच्या माणसाहाती पाठवलं.

आणि इथे बाईने चूक केली. गाठोडं तिने कोठीत जमा केलं नाही. करणार कशी? कोठीतल्या बाईने पोह्यांचं सूप केलं असतं. नवसाचं ते, त्याला आधी दुसऱ्याचा हात लागून कसा चालेल? खोलीत पडदा ओढून तिने मलिदा केला, आशीर्वाद म्हटले, आणि आजूबाजूच्या चार खोल्यांत वाटला. सोलोमन तर घरचाच. त्याने दोनदा घेतला. ताट बोटाने पुसून खाल्लं.

पुढच्या शनिवारी एलिशेबा-सॅमसनचं आणि सोलोमनचं मतदान. सोलोमन उठला, आणि आपण किती सच्चे किब्बुत्झी ते दाखवायला त्याने भर सभेत सांगितलं, की ह्या बाईने पार्सल लपवलं, पडदा लावून खाल्लं, वर जुन्या अंधश्रद्धा घेऊन आली आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हे! आणि त्या काळात तिकडे काही रब्बी, म्हणजे ज्यूंचे धर्मगुरू, बेने इस्रायलींना विचारत होते, तुम्ही पुरते ज्यू तरी आहात का? म्हणजे रब्बींना ही कमी ज्यू, आणि देवधर्म न मानणाऱ्या टेकडीला ही जास्त ज्यू. बोला आता!

सभेने तिला विचारलं, तुझं म्हणणं काय? एलिशेबा उभी राहिली आणि मराठीत बोलली. घडघडा बोलली, पदर डोळ्याला लावून बोलली. सगळं जेवणघर सोलोमनकडे बघायला लागलं, हिचं म्हणणं हिब्रूत सांग म्हणून. सोलोमनने एक वाक्य टाकलं. एवढंसं. मग तिला स्वयंपाकघरात जायला सांगितलं. ताटं सरकवायच्या खिडकीच्या फटीतून तिने हात वर जाताना पाहिले. सकाळी जिच्या हातचं खाल्लं, तिला घालवायला वर गेलेले हात.

त्या वाक्याचा आवाज तिने कानात जपून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सामान बांधताना एका आचारिणीला म्हणून दाखवला आणि अर्थ विचारला. तिने खुणा करकरून समजावलेला अर्थ होता, 'तिला काही म्हणायचं नाही.'

सोलोमन सभासद झाला. हे तिघं लंडनला सॅमसनच्या भावाकडे आले. सॅमसन बेकरीत राबला, कालेब शिकून मँचेस्टरला गेला, सॅमसन वारला. आणि तो वारल्यावर ह्या बाईने काय करावं? कौन्सिलकडून मंगळवारचा हॉल मिळवला आणि म्हाताऱ्यांचा लंच क्लब काढला. डाळ, भात, भाजी, सगळ्यांना चालेल असं. आयरिश मॉरीन, आमच्या गुजराती बाया, जमैकाचे दोन म्हातारे, इंग्रज विधवा. फी नाही. ज्याला जे जमेल ते काम. गुडघे गेलेल्याने बसून शेंगा सोलायच्या, डोळे गेलेल्याने चमचे पुसायचे. तुझं-माझं नाही. आणि निर्णय हात वर करून. अहो, हुबेहूब टेकडी! ज्यांनी हाकललं त्यांचीच रीत उचलून बाईने एजवेअरला किब्बुत्झ मांडला, आणि तिकडच्यापेक्षा बरा चालवला.

नवीन माणसासाठीही तोच नियम. काही मंगळवार पाहुणा म्हणून जेवायचं, मग सगळ्यांसमोर उभं राहून आपलं म्हणणं सांगायचं, मग बाहेर पॅसेजमध्ये थांबायचं आणि आत मतदान. आजवर कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. एकदा मी वैतागून म्हटलं, "एलिशेबा, सगळ्यांना घ्यायचंच असतं तर हा तमाशा कशाला? बिचारी माणसं पॅसेजमध्ये कुडकुडतात."

ती म्हणाली, "एका माणसासाठी ठेवलाय."

"कोण येणार आहे तो?"

"येईल. म्हातारपणी माणसं लेकीकडे येतात. त्याची लेक इथे जवळच मिल हिलला दिलीय."

असा डूख मी साताऱ्यातही पाहिला नव्हता, आणि आमच्याकडे बांधाच्या भांडणाला चार पिढ्या पुरत नाहीत.

आणि दोन हजार पाच साली तो आला. मिल हिलहून, मफलर गुंडाळून, लेकीने कारमधून सोडलेला. एलिशेबाला बघून पांढरा पडला, पण पळाला नाही. पळणार कुठे? लेक-जावई दिवसभर कामावर, नातवंडांना मराठी येत नाही, त्याला इंग्रजी येत नाही. आमच्या हॉलवर मराठी बोलणारी कुणी आहे, एवढं ऐकून तो आला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत कोण. बिचारा म्हटलं मी? चुकून म्हटलं.

एलिशेबाने त्याला बसवलं, वाढलं, आणि मंगळवारमागून मंगळवार टेकडीची सगळी हकीकत त्याच्याकडून काढून घेतली. मी कान टवकारून होतेच. सत्तरच्या सुमाराला टेकडीने ठिबकच्या नळ्यांचा कारखाना काढला, भरभराट झाली, तरणतलाव बांधला. मग ऐंशीनंतर महागाई भडकली, बँकांचं व्याज मानेवर बसलं, सरकारने आणि बँकांनी मिळून कसंबसं तारलं. तरुण पोरं शहरात पळाली. शेवटी दोन वर्षांपूर्वी सभेने हात वर करूनच ठरवलं, की आता सगळ्यांचं सगळं नाही. मॅनेजरला मोठा पगार, भांडी घासणाऱ्याला छोटा. धुलाईला पैसे. कारखाना विकला. जेवणघर बंद झालं, आता लग्नाच्या पार्ट्यांना भाड्याने देतात.

"जेवणघर बंद?" एलिशेबाने विचारलं.

"बंद. मी खोलीत एकटाच डबा गरम करून खायचो. पडदा लावून."

ती हसली. इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला. मीही हसले. देव सगळं बघतो हो, फक्त त्याला उशीर लागतो.

पण घरी जाताना बसमध्ये ती म्हणाली, "रेखा, कधी कधी वाटतं, त्याला तरी तेव्हा किती हिब्रू येत असेल? नवाच होता तोपण. मी एवढं बोलले, घाबरला असेल. जमलं नसेल सांगायला."

मला धक्काच बसला. म्हटलं, आता ही विरघळते! "जमलं नसेल तर तसं सांगायचं," मी म्हटलं. "काही म्हणायचं नाही, असं का सांगितलं?"

"तेच तर विचारायचंय," ती म्हणाली. "पण बेत ठरलाय. तो मराठीत बोलेल, इंग्रजीत मी सांगणार. तो कितीही बोलू दे. मी एकच वाक्य सांगणार."

कुठलं वाक्य ते मला कळलं. शेराला सव्वाशेर! मी तिचा हात दाबला. मराठी समजणाऱ्या आम्ही दोघीच होतो आणि माझ्या तोंडाला मी कुलूप लावणार होते. आयुष्यात पहिल्यांदाच.

ठरलेल्या मंगळवारी एलिशेबाने मलिदा केला. तेव्हा जसं झालं तसंच, आधी मलिदा, मग हात. वेंब्लीहून पोहे आणले, नारळ स्वतः खोवला. सगळ्यांना बश्या वाटल्या. सोलोमनने पहिला घास घेतला आणि बशी खाली ठेवली. तरी सगळा खाल्ला. बशी बोटाने पुसली. सवय जाते कुठे.

मग एलिशेबाने त्याला उभं केलं. हॉलमधल्या टेबलांवर जेवणाची ताटं मांडलेली, त्याचंही एक, मॉरीनच्या शेजारी. तो इंग्रजीत "थँक यू, प्लीज," म्हणाला आणि त्याचं इंग्रजी संपलं. एलिशेबाकडे वळून म्हणाला, "मी मराठीत बोलतो. तू सांग त्यांना."

"सांगते," ती म्हणाली.

सोलोमन म्हणाला, "मला इथे यायचंय म्हणून मी बोलणार नाही. माझ्याकडे दुसऱ्या कुणाचं बोलणं राहिलंय, ते सांगतो." आणि हात जोडून, शाळेत कविता म्हणावी तसा सुरू झाला.

"पोहे माझ्या आईने पाठवले. नारळ एकच होता. माझं पोर तापात होतं आणि मला दारातूनच बघायला मिळत होतं. तेव्हा मी एलियाहूला बोलले, की पोर हसलं तर तुझ्या नावाने वाटीन. नवस एकट्याने खायचा नसतो, मी जमेल तितक्यांना वाटला. हा सोलोमनसुद्धा खाऊन गेला, त्याला विचारा. आणखी नारळ असते तर तुम्हा सगळ्यांना दिला असता. पडदा लाजेने लावला, चोरीने नाही. मला इथे राहू द्या. तुमचं काम मला आवडतं. माझे हात बघा."

एलिशेबाचं तोंड मी पाहिलं. रक्त उतरलं होतं. तिचेच शब्द होते ते, त्या शनिवारचे. एकही इकडचा तिकडे झालेला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

सगळा हॉल आता तिच्याकडे बघत होता. मॉरीन म्हणाली, "एलिशेबा लव्ह, काय म्हणतोय तो?"

आता ते एक वाक्य टाकायचं. टाक गं, टाक! पण टाकलं तर तिचंच बोलणं दुसऱ्यांदा मरत होतं, आणि ह्या वेळी तिच्याच हाताने.

एलिशेबाने कार्डिगनची बटणं लावली आणि बोलायला लागली. इंग्रजीत, सावकाश. पोहे, नारळ, ताप, दार, पडदा. कुणाचं बोलणं, कुठल्या सभेतलं, ते कुणी दाबलं, सगळं. 'माझे हात बघा' म्हणताना तिने खरंच हात पुढे केले, आणि हॉलमध्ये कुणी तरी नाक ओढलं. म्हटलं, गेलं! सगळं मुसळ केरात. आता हा रडवून आत शिरणार.

पण ती थांबली नव्हती. सोलोमनकडे वळली आणि मराठीत विचारलं, "हे सगळं तुला तेव्हा समजलं होतं?"

"समजलं होतं. म्हणून तर पाठ आहे."

"आणि हिब्रूत सांगता आलं असतं तुला?"

त्याला वाटलं, खरं बोललं की सुटलो. म्हातारा चक्क डोळे पुसत म्हणाला, "आलं असतं, एलिशेबा. शब्द न् शब्द सांगता आला असता."

इतकी वर्षं त्याच्यासाठी तिने एक फट उघडी ठेवली होती, ती त्याने स्वतःच्या हाताने लावून घेतली. मग तिने ही दोन्ही उत्तरंसुद्धा हॉलला सांगितली, आणि त्याला म्हणाली, "पॅसेजमध्ये थांब."

दार लागलं. एलिशेबा म्हणाली, "ज्यांना तो नको, त्यांनी हात वर करा." आणि पहिला हात तिने केला. दुसरा माझा. मला त्याची दया आली का? आली, खोटं कशाला बोलू? दया आली आणि हात वर केला, दोन्ही केलं. मग गुजराती बाया, मग जमैकाचे म्हातारे. मॉरीनने एका हाताने डोळे पुसले आणि दुसरा वर केला. काही हात खालीच राहिले, पण पुरेसे वर गेले.

पॅसेजमध्ये सांगायला ती स्वतः गेली. मी मागे. तो मफलर हातात घेऊन उभा होता.

"सगळं सांगितलंस ना त्यांना?" त्याने विचारलं.

"सगळं. एकही शब्द गाळला नाही," एलिशेबा म्हणाली. "मी चांगली दुभाषी आहे."

"मग?"

"मग हात वर गेले."

त्याला कळलं. त्याने मफलर गुंडाळला, दोनदा चुकीचा गुंडाळला, आणि लेकीला फोन करायला बाहेर बाकावर जाऊन बसला. एलिशेबा आत आली. मॉरीनच्या शेजारचं त्याचं ताट तिने उचललं. स्वच्छच होतं, तरी फडक्याने पुसलं आणि थप्पीवर ठेवलं. मग डाव हातात घेतला.

"डाळ गरम कर गो रेखा," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."